अनसाआत्याचं कोपर आणि माशाचा डोळा

थांबवा टाळ! पेटीवाले, तुम्हीपण थांबा. सूर चांगला लागलाय, पण आता गोष्ट सांगायचीय, आणि गोष्टीला पेटी लागत नाही, कान लागतात.

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, नाहीतर माझं आख्यान इथंच संपेल आणि तुम्ही पानावर जाऊन बसाल! प्रश्न असा. समजा, सगळं गाव एका नजरेत मावलं. लहान-मोठा, जवळचा-लांबचा, एकही माणूस बाहेर राहिला नाही. मावले सगळे! मग त्या नजरेच्या मधोमध कोणाला बसवायचं?

तिथं खांबाजवळचे दादा मनात म्हणाले, "मला!" ऐकू आलं मला. बसा. तुमच्यासारखाच एकजण आज गोष्टीत येणार आहे.

तर ऐका. कुसळवाडी नावाचं गाव. नकाशात शोधू नका, तुमच्या-माझ्या गावासारखंच आहे. त्या गावात मल्हारी टिपरे नावाचा फोटोग्राफर. लग्न, बारसं, साखरपुडा, दहावा — सुखदुःखात जो माणूस रडत नाही, हसत नाही, नुसता "इकडं बघा" म्हणतो, तो मल्हारी! स्वभावानं गरीब. आईबाप लहानपणीच गेलेले. वाढवला कोणी? अनसाआत्यानं. बापाची थोरली बहीण. स्वतःचा संसार चार वर्षांत मोडला, ती माहेरी आली आणि या पोराला पदराखाली घेतलं. आता वय ऐंशीच्या घरात. दात तीन. पण तोंड? तोंड शाबूत!

आता कुसळवाडीची रीत सांगतो, तिच्यावरच सगळी गोष्ट आहे. सप्ताहाची समाप्ती, काल्याचं कीर्तन, मग अख्ख्या गावाची पंगत. आणि पहिला घास घेण्याआधी गावाचा एक फोटो! पानं वाढलेली, माणसं बसलेली, हात मांडीवर. फोटो निघाला की मग गजर आणि मग घास. त्या फोटोचा मोठा फ्लेक्स करायचा, वेशीवर लावायचा आणि वर्षभर येताजाता आपापलं तोंड बघायचं. कुणाला देवळात जायला वेळ नसतो, पण फ्लेक्सपाशी सगळे थांबतात!

पण जागा अडचणीची. उजव्या हाताला देऊळ, डाव्या हाताला स्वैपाकाची चूल, मधल्या लांबलचक बोळात पंगत. फोटोवाल्यानं उभं कुठं राहायचं? समोर चावडीच्या पायरीवर. मागं सरकावं तर पाठीला भिंत! त्यामुळे होतं काय — देऊळ येतं, देवळासमोरची मानाची माणसं येतात, आणि चुलीकडचा भाग कापला जातो.

आणि चुलीपाशी कोण? अनसाआत्या! चाळीस वर्षं पुऱ्या तळणारी. तिथली शिस्त अशी, की पहिली पंगत उठेपर्यंत कढईपासून उठायचं नाही. मग गेल्या पाच वर्षांच्या फोटोंत आत्याचं काय आलं ठाऊक आहे? कोपर! हसू नका, खरंच सांगतो. फोटोच्या डाव्या कडेला एक कोपर आणि हिरव्या बांगड्या. पुढच्या वर्षी पुन्हा कोपर. एका वर्षी तर नुसता झारा!

तर एकदा आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "मल्हारी, साऱ्या गावाचं फोटू काढतोस. मी मेल्यावर भिंतीला काय लावशील रं? कोपर?"

मल्हारी म्हणाला, "आत्या, आत्ता काढतो की तुझा एकटीचा. चांगलं लुगडं नेस, बस खुर्चीवर."

"एकटीचा?" आत्या खवळली. "एकट्याचा फोटू सरकारी कागदाला नाहीतर चोराला! चाळीस वर्सं गावाला पुऱ्या घातल्या. मला गावासंगट पायजे. जमत नसंल तर ऱ्हाऊ दे. कोपर तर कोपर."

त्या रात्री— नाही नाही, रात्री कशाला, तिथंच, भाकरी तव्यावर असतानाच मल्हारीच्या मनाला ते लागलं. ज्या हातानं आपल्याला भरवलं, त्या हाताचं नुसतं कोपरच आपण पकडलं? फोटोग्राफर म्हणवतो स्वतःला! अन् तो तिरीमिरीत उठला, देवळात गेला, लाउडस्पीकर चालू केला आणि जाहीर करून टाकलं — "गावकरी मंडळींना कळवण्यात येते की यंदाच्या फोटोत कोणीही सुटणार नाही!"

झालं! बोलणाऱ्याचं जातं काय? अख्खं गाव खूश. ज्यांचं नुसतं फेट्याचं टोक यायचं त्यांनी नवे शर्ट शिवायला टाकले. आणि मल्हारी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. आता करायचं काय?

कुणी म्हणालं, मोबाइलनं काढ, फिरवत फिरवत, लांबडा फोटो येतो. काढून बघितला. पण फिरवायला वेळ लागतो ना! तेवढ्यात गणपा लोहार या टोकाकडून त्या टोकाला पळाला, तर फोटोत गणपा दोन! आणि मधल्या एका बाईला तीन हात. मल्हारी म्हणाला, देवीला शोभतंय, गावाला नको.

मग त्याला कळलं की जगात एक भिंग आहे. नाव काय? फिशआय! म्हणजे माशाचा डोळा. आता सप्ताहात माशाचं नाव काढलं म्हणून माळकऱ्यांनी असं बघू नका. नुसता डोळा आहे, रस्सा नाही! आणि देवानं पहिला अवतार घेतला तो कशाचा? मग! पाण्यातला मासा वर बघतो तेव्हा त्याला काठ, झाड, आभाळ, सगळं एका गोल खिडकीतून एकदम दिसतं म्हणे. तसं हे भिंग. समोरचंच नाही, डाव्या-उजव्या बाजूचंही ओढून आत घेतं. एवढंच की सरळ असतं ते कडेला वाकतं.

मल्हारीकडं कॅमेरा नव्या तऱ्हेचा, मिररलेस. म्हणजे आत आरसा नाही. हलका, छोटा. त्याला बसेल असा माशाचा डोळा पाहिजे. पहिल्यांदा त्यानं कॅमेऱ्याच्या कंपनीच्याच भिंगाची चौकशी केली. दुकानदारानं किंमत सांगताना आवाज खाली आणला. मंडळी, दुकानदार आवाज खाली आणतो तेव्हा समजावं, आपण चुकीच्या दुकानात आलोय! मल्हारीचा कॅमेरा, त्याची मोटरसायकल आणि घरातली म्हैस, तिन्ही विकली तरी ते भिंग आलं नसतं. आणि म्हैस आत्याची. ती मल्हारीला विकील, म्हशीला नाही.

मग माणूस काय करतो? स्वस्तात मोक्ष शोधतो! आहे त्याच भिंगावर फिरकीनं बसवायची एक काच मिळते, तीनशे रुपयांना. मल्हारीनं घेतली. म्हणाला, तीनशेत माशाचा डोळा, आणखी काय पाहिजे? बसवली, चावडीवर उभा राहिला, चुलीपाशी आत्याला बसवलं, काढला फोटो. आली! आत्या आली! पण कशी? मध्यावर सगळं स्वच्छ आणि कडेला नुसतं धुकं. भुवई नाही, नाक नाही, बांगडी नाही. आत्यानं फोटो डोळ्याजवळ नेला, लांब नेला आणि म्हणाली, "पाच वर्सं कोपर तरी व्हतं रं. आता माझा धूर केलास."

आपलंही असंच चालतं बरं का. नारळ द्यायचा तो सुका, गाय दान करायची ती आटलेली, आणि वर तोंड करून देवाला विचारायचं, फळ का नाही! असो. पुढं ऐका.

मल्हारी शेवटी गेला कोल्हापूरला. तिथं एका गल्लीत जुन्या-नव्या कॅमेऱ्यांचं दुकान, आणि दुकानात शिराळकर काका म्हणून म्हातारा. नाकावर चष्मा, हातात फडकं. मल्हारीनं सगळी हकिगत सांगितली, कोपरापासून धुरापर्यंत.

काका म्हणाले, "दोन प्रकार असतात. एकानं फोटो गोल येतो, भोवती काळं."

मल्हारी म्हणाला, "नको काका. गाव ताटलीत वाढल्यासारखं दिसेल."

"मग हे घे." काकांनी छोटंसं, जड, लोखंडी अंगाचं भिंग काढलं. पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी फुगलेली. "फोटो चौकोनी, कानाकोपरा भरून. कंपनी कुणी ऐकलेली नाही, पण काच इमानी आहे. तुझ्याच कॅमेऱ्याच्या तोंडाचं आहे, बसेल. एकच, याच्यात वीज नाही. आपणहून फोकस करणार नाही. सगळं हातानं."

"हातानं कसं जमणार?"

"अरे, माशाच्या डोळ्याला फार जुळवावं लागत नाही! उजेडाच्या छिद्राचा हा आकडा आठावर ठेव, फोकस एवढ्यावर लाव आणि मग हात लावू नको. हातभरापासून डोंगरापर्यंत सगळं स्वच्छ." काकांनी ते आपल्या कॅमेऱ्यावर लावून दुकान दाखवलं. मल्हारी बघतच राहिला. समोरचं कपाट, डावीकडचं दार, उजवीकडची खिडकी, वर पंखा — सगळं एका फोटोत, आणि कडेला सुद्धा स्वच्छ!

मग मल्हारीनं भाव विचारला. काकांनी सांगितला. आणि मल्हारी भाव करायला लागला. इथं लक्ष द्या! काका बोलत होते, महत्त्वाच्या दोन गोष्टी सांगत होते. पण माणूस भाव करायला लागला की त्याला आकड्याशिवाय काही ऐकू येत नाही. काका म्हणाले, "कॅमेऱ्यात एक गोष्ट चालू करायला लागेल—" हा म्हणाला, "काका, अकरा हजार जास्त होतात!" काका म्हणाले, "आणि फोटो काढताना आपले पाय—" हा म्हणाला, "साडेनऊ करा, काका, आत्यासाठी!" काकांनी आत्यासाठी साडेनऊ केले. बाकीचं ज्ञान वाऱ्यावर गेलं. भिंग झटकून, तपासून एसटीनं पाठवतो म्हणाले, आणि ते आलं नेमकं काल्याच्या दिवशी सकाळी!

आता तुम्ही म्हणाल, आल्या आल्या कॅमेऱ्याला लावून बघायचं की! लावणार होता. पण आत्यानं हात धरला. "नवी वस्तू देवाम्होरं ठिवल्याबिगर वापरायची न्हाई!" भिंग गेलं देवघरात. फूल वाहिलं. आणि आत्यानं हळद-कुंकवाची बोटं भरली आणि थेट त्या फुगीर काचेवर—

"आत्याऽऽ!" मल्हारी ओरडला. शिराळकर काकांनी जन्मात त्या काचेला नख लागू दिलं नव्हतं!

"वरडतोस काय? मोटरसायकलला लावलं तवा नाही वरडलास."

तासभर मऊ फडक्यानं कुंकू पुसण्यात गेला. काच निघाली स्वच्छ, पण कॅमेऱ्यावर लावून बघायला वेळ काही उरला नाही.

पंगत बसली. अहो, काय पंगत! पानावर लापशी, भाजी, भात, वरण. चुलीपाशी अनसाआत्या, हिरवं लुगडं, हातात झारा. आणि देवळासमोर मधोमध पाटावर कोण? उत्सव समितीचे अध्यक्ष रंगराव आप्पा! जरीचा फेटा, पोट पानाच्या पुढं. दरवर्षी फोटोच्या मध्यभागी आप्पा, ही जणू घटनेत लिहिलेली गोष्ट. मल्हारीचा स्टुडिओ आप्पांच्याच गाळ्यात. आप्पांनी सकाळीच बजावलं होतं, "मल्हारी, मी मध्ये. माझ्या मागं शिखर. यात बदल झाला तर गाळ्याला दुसरं गिऱ्हाईक तयार हाय!"

मल्हारी चप्पल काढून चावडीच्या पायरीवर चढला. पाठ भिंतीला. आकडा आठावर, फोकस लावला, कॅमेरा आप्पांकडं रोखला. "इकडं बघा!" बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही! पडद्यावर कॅमेऱ्याचा निरोप — लेन्स लावलेली नाही! अरे लबाडा! एवढं मोठं भिंग तुझ्या तोंडावर बसलंय, त्यातूनच तुला दिसतंय, आणि म्हणतोस भिंगच नाही? मंडळी, असा नास्तिक कॅमेरा मी ऐकला नव्हता! ज्याच्यामुळं बघतो त्यालाच नाही म्हणतो. पण हसू नका. आपण काय वेगळं करतो?

इकडं पंगतीत चुळबुळ. लापशीवर साय धरली. कोणी म्हणालं, "मल्ल्या, काढ की!" आप्पा पोट आत ओढून बसले होते. किती वेळ ओढणार? चेहरा वांग्यासारखा झाला! आणि गजर झाल्याशिवाय घास नाही, फोटो झाल्याशिवाय गजर नाही. मल्हारीनं देवळाकडं बघितलं. मनात म्हणाला, देवा, एवढं कर. पुन्हा भाव करणार नाही.

आणि तेव्हा त्याला आठवलं — "कॅमेऱ्यात एक गोष्ट चालू करायला लागेल." कॅमेऱ्यातली सेटिंगची यादी उघडली. हे नाही, ते नाही, खाली, आणखी खाली... सापडलं! बिनविजेचं भिंग कॅमेऱ्याला कळत नाही, म्हणून तो विचारत होता, लेन्स नसताना फोटो काढू देऊ का? उत्तर होतं "नको." मल्हारीनं केलं "हो."

पुन्हा डोळा लावला. आणि मंडळी, आता गंमत ऐका. उजव्या हाताला देऊळ, डाव्या हाताला चूल, सगळे आत! कोणी सुटलं नव्हतं! पण मध्ये आप्पा आणि चूल पार कडेला. आत्या आली होती, स्वच्छ आली होती, पण कडेची म्हणून धनुष्यासारखी वाकलेली. चाळीस वर्षं कढईपुढं वाकली, आता फोटोतही वाकलेली!

माशाच्या डोळ्याचा एक नियम आहे. जे मधोमध असतं ते सरळ राहतं. बाकी सगळं मध्याकडं झुकतं. सुटत कोणीच नाही, पण मध्ये कोणाला घ्यायचं ते धरणाऱ्याच्या हातात असतं.

मल्हारीनं आप्पांकडं बघितलं. गाळा दिसला. चुलीकडं बघितलं. आत्यानं पदर नीट केला होता, तीन दात दाखवून हसत होती आणि झाऱ्यात टम्म फुगलेली पुरी धरून ठेवली होती, फोटो निघेपर्यंत. तिला वाटत होतं, आपण कडेला तर कडेला, दिसू तरी!

मल्हारीनं काय केलं? पाय हलवला नाही. कोणाला उठवलं नाही. नुसता कॅमेरा डावीकडं फिरवला. चूल मध्ये!

"अरं ए! हिकडं! मी हिकडं हाय!" आप्पा ओरडले.

खट्‌!

निघाला फोटो. गजर झाला, लापशीवर गाव तुटून पडलं. पण आप्पांच्या घशाखाली घास उतरेना.

दुसऱ्या दिवशी चावडीत मोठा फोटो आला. सगळं गाव गोळा. काय बघतात — मधोमध चूल, चुलीपाशी अनसाआत्या, ताठ, सरळ, झाऱ्यावर पुरी! तिच्यापासून देवळापर्यंत पंगत वळत वळत गेलेली. आणि उजव्या कडेला देवळाचं शिखर, ते सुद्धा आत झुकलेलं, आत्याच्या दिशेनं! शिखराच्या खाली, अगदी काठावर आप्पा. तोंड उघडं, फेटा तिरपा, आणि पोट... पोटाचं सांगत नाही, या गावातही अध्यक्ष बसलेत.

आप्पा कडाडले, "हा फ्लेक्स लागायचा न्हाई! अध्यक्ष कडंला? आन्‌ तळणारी बाई मध्ये? मल्हारी, गाळ्याची किल्ली आण!"

मल्हारीनं खाली बघत खिशातून किल्ली काढली. तेवढ्यात बायकांतून एक आवाज आला, "थांबा!" आप्पांची बायको, हिराकाकी! ती पुढं आली, फोटोवर बोट ठेवलं. चुलीमागं परात घेऊन एक बाई उभी होती. "ही मी. वीस वर्सं तुमच्या फोटूत मी न्हाई. वीस वर्सं मी हितंच हुते, पीठ मळत. फ्लेक्स लागणार. आन्‌ किल्ली ठिव रं खिशात."

आप्पा गावाचे अध्यक्ष. पण घरात समिती वेगळी असते! आप्पा पाण्याचा तांब्या शोधायला लागले.

मग आत्याला पुढं आणलं. सगळ्यांना वाटलं, म्हातारी आता स्वतःला बघणार, डोळ्याला पदर लावणार. तिनं स्वतःकडं बघितलंच नाही! एका टोकापासून बोट फिरवायला लागली. "हा गणपा. एकच हाय न्हवं? हां. ही हिरा. हे आप्पा, बिचारं. कोण ऱ्हायलं का?" बोट फिरत फिरत दुसऱ्या टोकाला गेलं. आणि आत्या थांबली.

"मल्हारी, तू कुठं हायस?"

"आत्या, मी काढणारा. मी कसा येणार?"

"म्हंजी तू सुटलास?" आत्यानं फोटोवरचं बोट उचललं. "आन्‌ तू म्हणालास, कोणी सुटणार न्हाई."

आत्या वाकली, फोटोच्या खालच्या कडेला डोळे लावले आणि म्हणाली, "आन्‌ ह्ये काय हाय?"

काय होतं? पायरीच्या काठावर दोन अंगठे! शिराळकर काका सांगत होते ना, फोटो काढताना आपले पाय मागं घे? माशाच्या डोळ्यातून धरणाऱ्याचे पायसुद्धा सुटत नाहीत! दोन उघडे अंगठे, आणि त्यातला डावा जरा वाकडा.

आत्यानं त्या वाकड्या अंगठ्यावर हात ठेवला. "सहा वर्साचा हुता. जात्याचा दगड पडला. म्हैनाभर हळद बांधली मी. दुसऱ्या कुणाचा असंल व्हय ह्यो?" आणि मग ती हसली, तीन दात, डोळ्यांत पाणी. "झालं. आता सगळी आली."

बोला, विठ्ठल विठ्ठल!

मंडळी, माझं आख्यान संपलं, तुमचं आता सुरू. देवाचा डोळा माशाचा डोळा आहे. त्यातून तुम्ही सुटणार नाही, मी सुटणार नाही, पानाखाली लपवलेला लाडूपण सुटणार नाही! तो प्रश्नच नाही. प्रश्न तुमच्या डोळ्याचा आहे. तो कुठं रोखलाय? फेट्यावर, की चुलीवर?

सात दिवस झाले, तुमच्या गावात जेवतोय. पुऱ्या झाल्या, लापशी झाली, काल तर आमटीला हात चाटले. आत्तासुद्धा मंडपामागून तेलाचा वास येतोय. कढईपुढं कोणीतरी बसलंय. सांगा बरं, त्या माउलीचं नाव काय?

कोणी नाही सांगत? अध्यक्ष? तुम्ही? खांबाजवळचे दादा?

मी तरी काय तोंडानं विचारतोय. सात दिवस खाल्लं, मीही नाव विचारलं नाही.

पेटीवाले, पेटी राहू द्या. मृदंग खाली ठेवा. गजर नंतर. आधी मागं जाऊ, तिचं नाव विचारू आणि तिला हाताला धरून इथं मधोमध आणून बसवू. कढई? कढईपाशी तोवर मी बसतो. पुरी करपली तर बोलू नका. चला, उठा!